तिसरीच्या वर्गात एआय: कायद्याने रेघ कुठे मारायची?

तिसरीची आई

नमस्कार. माझी मुलगी येत्या जूनमध्ये तिसरीत जाईल. पुण्याजवळची खाजगी शाळा आहे, नाव देत नाही. गेल्या आठवड्यात शाळेकडून चार पानी संमतिपत्र आलं. पहिल्या दोन पानांवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि योजनेची स्तुती. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात दोन गोष्टी. एक, प्रत्येक मुलाला टॅबवर 'बोलका सोबती' मिळेल, तो प्रश्नांची उत्तरं देईल, गोष्टी सांगेल, निबंधाला मदत करेल. दुसरी, वर्गातल्या कॅमेऱ्यांवरून मुलांचं 'लक्ष आणि सहभाग' मोजून दर महिन्याला पालकांना अहवाल पाठवला जाईल. खाली सहीची जागा. 'नाही' म्हणायची चौकटच नाही.

माझी मुलगी विचार करताना खिडकीबाहेर बघते. सातचा पाढा म्हणताना सहाव्या घराशी अडते. मान वळते, नजर बाहेरच्या गुलमोहरावर जाते, ओठ हलतात, आणि मग 'सात सक बेचाळीस' बरोबर येतं. तिच्या बाईंना हे ठाऊक आहे, त्या तेवढं थांबतात. कॅमेऱ्याच्या हिशेबात तेच दहा सेकंद 'लक्ष नाही' या खात्यात जमा होणार, आणि महिनाअखेरीला त्याचा आलेख माझ्या फोनवर येणार. मग मी काय करायचं? तिला समोर बघायला शिकवायचं?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवायचा. त्याला माझा विरोध नाही. यंत्र नियम कसे पाळतं, उदाहरणं बघून अंदाज कसा बांधतं, हे आठ वर्षांच्या मुलाला धान्य निवडताना, पत्ते लावतानाही समजावता येतं. त्याला टॅबही लागत नाही. पण एआय हा विषय शिकवणं ही एक गोष्ट आणि एआयने मुलाला दिवसभर न्याहाळणं ही अगदी दुसरी. संमतिपत्रात दोन्ही एकाच सहीखाली आली आहेत.

जाणकारांनी सांगावं: लहान मुलांच्या वर्गात अशा गोष्टींना आपल्याकडे कायद्याने काही मर्यादा आहे का? बाहेरच्या देशांत आहे का? आणि नसेल तर आपण काय मागायचं?

पंचगंगा

वकिली करते, शाळांची काही प्रकरणं हाताळली आहेत. सरळ उत्तर असं की वर्गात एआय किती वापरायचं आणि कोणत्या वयापासून, हे सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात आज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआयच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तूर्त वेगळा कायदा नको, आहेत तेच कायदे लावा, असा त्यांचा सूर आहे. मग आहेत ते बघू.

पहिला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचं कलम ९ मुलांसाठी आहे, आणि मूल म्हणजे १८ वर्षांखालची कोणीही व्यक्ती. मुलाची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळून बघता येईल अशी संमती हवी. मुलाच्या हिताला बाधा येईल असा माहितीचा वापर करायचा नाही. आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करणं बंद. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

इथवर वाचून जीव भांड्यात पडतो. पण या कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांची चौथी अनुसूची काढून वाचा. तिथे शैक्षणिक संस्थांना संमतीच्या अटीतून आणि पाळतीच्या मनाईतून सूट दिली आहे. माग काढणं आणि वर्तनावर नजर ठेवणं संस्थेच्या 'शैक्षणिक कामासाठी' किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी असेल, तर चालेल. 'शैक्षणिक कामा'ची वेगळी व्याख्या दिलेली नाही. तुमच्या संमतिपत्रातला 'लक्ष आणि सहभाग' शाळा नेमका इथेच बसवेल. जी गोष्ट एखाद्या खेळाच्या ॲपला करता येणार नाही, ती शाळेच्या फाटकातून आत गेली की करता येते. संस्थेची व्याख्याही ऐसपैस आहे, शिक्षण देणारी कोणतीही संस्था, व्यवसायशिक्षणासकट. उद्या क्लासवालेही त्यात बसतो म्हणतील.

एक आशा शिल्लक आहे. मधली अट, मुलाच्या हिताला बाधा नको ही, तिच्यातून शाळांना सूट नाही. भांडायचं झालं तर त्यावर भांडता येईल. मात्र कलम ९ प्रत्यक्ष लागू व्हायला मे २०२७ उजाडेल.

दुसरा कायदा शिक्षण हक्काचा, २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवताना मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील आणि मोकळेपणाने मत मांडू शकेल, हे बघायला सांगितलंय. सहा तास डोळे टिपणारा कॅमेरा त्यात बसतो का, हा प्रश्न न्यायालयात विचारण्यासारखा आहे, असं माझं मत.

अनामवीरा

म्हणजे मे २०२७ पर्यंत मोकळं रान?

पंचगंगा

अगदी मोकळं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ च्या आधार निकालात तर मुलांबद्दल स्पष्ट सांगितलंय: शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, नोंदणीला पालकांची संमती हवी, आणि मूल १८ वर्षांचं झालं की त्याला बाहेर पडायचा पर्याय हवा. हे शेवटचं सूत्र मला फार मोलाचं वाटतं. तिसरीतल्या मुलीच्या चेहऱ्याची, आवाजाची, चुकांची दहा वर्षांची नोंद कंपनीकडे साठली, तर मोठी झाल्यावर ती पुसायचा हक्क तिचा स्वतःचा हवा. आईने केलेली सही तिला जन्मभर चिकटता कामा नये.

स्टुटगार्टकर

इकडचं सांगतो. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अस्तित्वात आला आणि त्यातल्या सरसकट बंदीच्या तरतुदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाल्या. बंदीच्या यादीत एक बाब शाळेची आहे. चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांवरून माणसाची भावना ताडणारी प्रणाली शिक्षणसंस्थेत आणि कामाच्या ठिकाणी वापरता येत नाही. वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तेवढाच अपवाद. पालकांची संमती घेतली म्हणून ती चालते असं नाही. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण संमतीचा प्रश्नच तिथे निकालात निघतो. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते.

त्याखालचा थर 'जास्त जोखमी'चा. कोणाला प्रवेश द्यायचा, निकाल कसा लावायचा, मुलाची पातळी कोणती, परीक्षेत कॉपी करतंय का, हे ठरवणारं एआय त्यात येतं. त्यावर बंदी नाही, पण माणसाची देखरेख आणि नोंदी ठेवणं बंधनकारक केलंय.

वयाची रेघ मात्र या कायद्यात नाही. ती इटलीने स्वतःच्या कायद्यात घातली, सप्टेंबर २०२५ मध्ये: १४ वर्षांखालच्या मुलाला एआय वापरायला आईवडिलांची संमती लागते. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात मजकूर तयार करून देणारं एआय स्वतः हाताळायला किमान १३ वर्षं वय सुचवलं होतं, पण तो सल्ला आहे, बंधन नाही.

एक सूचना. आपल्याकडे कधी असा कायदा लिहिला गेलाच, तर त्यात नुसता 'भावना' हा शब्द ठेवू नका. लक्ष, रस, कंटाळा, थकवा हे शब्द नाव घेऊन लिहा, नाहीतर विकणारा म्हणेल की आम्ही भावना मोजतच नाही, फक्त लक्ष मोजतो.

सातपुडा_मास्तर

धागा दोनदा वाचला, मगच लिहायला बसलो. मी जिल्हा परिषद शाळेत आहे, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. दोन वर्ग माझे, दोन सहकाऱ्याचे. एक रजेवर गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे.

एआय वापरतो का? वापरतो, रोज. संध्याकाळी घरी बसून. चौथीला भागाकाराची वीस उदाहरणं हवीत, केळीच्या घडांची, कापसाच्या गोण्यांची, तर पाच मिनिटांत तयार होतात. तपासून घ्यावी लागतात, दोन-तीन तरी चुकलेली असतात. आकारिक नोंदवहीतल्या वर्णनात्मक नोंदीही सुरुवातीला त्यातून काढून बघितल्या. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो, वाचनात प्रगती समाधानकारक.' वाक्य छान, पण कोणत्याही मुलाला चिकटेल असं. ज्या पोरासाठी ते काढलं, तो आठवडाभर गटात एक शब्द बोलला नव्हता, आणि सोमवारी स्वतःहून फळा पुसायला आला होता. ती नोंद मी हाताने लिहिली. तेव्हापासून नोंदी हातानेच.

आता मुलांच्या हातात दिलं तेव्हा काय झालं ते सांगतो. वाचन तपासणारं एक ॲप वर्गात वापरून बघितलं. मूल मोठ्याने वाचतं, चुकलेला शब्द लाल होतो. माझ्याकडची निम्मी पोरं घरी अहिराणी बोलतात, बाकीची पावरी. धड्यात होतं 'काळी माती'. दुसरीतल्या पोरीने वाचलं 'कायी माती'. लाल. पुन्हा वाचलं. लाल. अहिराणीत ळ चा य होतो, तिच्या आजीच्या तोंडी, आईच्या तोंडी तेच आहे. तिला अक्षर कळलं होतं, अर्थही कळला होता, तिने बोटाने खिडकीबाहेरचं वावर दाखवलं. यंत्राने तिला पाच वेळा चूक ठरवलं. सहाव्या वेळी तिने वाचलंच नाही. पुढे चार दिवस मोठ्याने वाचायला उभी राहिली नाही.

मी तिच्याजवळ बसून म्हटलं, घरी 'कायी', पुस्तकात 'काळी', दोन्ही बरोबर. तेवढ्याने सुटलं. पण मी चारही वर्ग सांभाळत असतो आणि ते ॲपच तिचा निकाल लावत असतं, तर ती पोर कागदावर 'वाचनात मागे' झाली असती.

म्हणून माझी रेघ अशी: चौथीपर्यंत एआय मास्तरच्या हातात, पोराच्या हातात नाही. यंत्राने दिलेला शेरा मूल्यमापनात धरायचा नाही. आणि एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळेत एआय आलं म्हणून तिसरं पद भरायचं टाळलं, असं कधी होऊ नये. हेही कायद्यात लिहिलं पाहिजे, माझ्या मते सगळ्यांत वर.

रानजाई

मास्तर, +१. 'कायी माती' वाचून गलबलून आलं. माझ्या आईचं माहेर खानदेशात.

हिंजवडी_रोज

मी थोडा वेगळा सूर लावतो. मी याच क्षेत्रात काम करतो आणि मला दिसतंय की पुढची दहा वर्षं कशी असणार आहेत. बीजिंगमध्ये सप्टेंबर २०२५ पासून प्राथमिकपासून सगळ्या शाळांत वर्षाला किमान आठ तास एआय सक्तीचं झालं. आपण रेघा मारत बसलो तर शहरातल्या श्रीमंत घरातली मुलं घरी वापरतीलच, मागे राहतील ती मास्तरांच्या शाळेतली. कॅमेऱ्याला माझाही विरोध आहे. पण बोलक्या सोबत्याला का? ज्या मुलाच्या घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, त्याला शंका विचारायला कोणीतरी मिळतंय. निबंध उतरवायची भीती म्हणाल, तर आपणही गाईडमधूनच निबंध लिहिले.

वाचनकट्टा

मी मुलांचं वाचनालय चालवते, म्हणून निबंधावर आधी बोलते. गाईडमधला निबंध सगळ्या वर्गाचा एकच असतो. बाईंना तिसऱ्या वहीत कळतं, त्या हसून म्हणतात, आता तुझा लिही. यंत्र प्रत्येकाला वेगळा निबंध देतं, स्वच्छ, वयाला शोभेलसा. बाईंना कळायला मार्गच उरत नाही. आणि आठव्या वर्षी निबंध हा काही लिहून देण्याचा माल नसतो. 'मला काय वाटतं' हे पहिल्यांदा शब्दांत धरायची ती धडपड असते. ओळ खोडून पुन्हा लिहिताना जे घडतं त्यासाठी तर आपण निबंध देतो.

आता चीन. त्याच चीनच्या शिक्षण मंत्रालयाने मे २०२५ मध्ये सांगितलंय की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी मजकूर तयार करून देणारं खुलं एआय स्वतःच्या स्वतः वापरायचं नाही. शिक्षकांनीही शिकवण्याचं मूळ काम त्यावर सोपवायचं नाही. म्हणजे आठ तास विषय शिकवा, पण आठ वर्षांच्या मुलाला त्याच्याबरोबर एकटं सोडू नका. धागाकर्तीने पहिल्याच लेखनात हाच फरक केला होता.

दक्षिण कोरियाचंही बघा. मार्च २०२५ मध्ये त्यांनी तिसरी-चौथीपासून गणित आणि इंग्रजीसाठी, वरच्या वर्गांत संगणकासाठीही, एआयवर चालणारी डिजिटल पाठ्यपुस्तकं आणली. सरकारचा पूर्ण जोर होता. पालक आणि शिक्षक दोघांनी विरोध केला, चुकांच्या तक्रारी आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जाच काढून घेतला. आता ती पूरक साहित्य आहेत, ज्या शाळेला हवी तिने घ्यावी. तंत्रज्ञानात कोरिया आपल्या मागे आहे असं कोणी म्हणणार नाही. घाईने आणलं आणि पाच महिन्यांत मागे घ्यावं लागलं. मधल्या वर्गातली मुलं मात्र त्या पाच महिन्यांतून गेली.

शंका विचारायला घरी कोणी नसतं हे तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी टाळत नाही. माझ्या वाचनालयात येणारी निम्मी मुलं तशीच आहेत. त्यांना संध्याकाळी दोन तास बसणारी ताई लागते. ती मिळते तेव्हा टॅबची आठवणही कोणी काढत नाही.

हिंजवडी_रोज

चीनचा तो दुसरा भाग मला माहीत नव्हता. तिसरीला एकट्याने नको, हे पटतं. पाचवी-सहावीपासून शिक्षकासमोर, गटात, एवढं तरी राहू द्या.

खुणेची भाषा

विशेष शिक्षिका आहे. एक विनंती, बंदी लिहिताना माझ्या मुलांना विसरू नका. कर्णबधिर मुलीला बाईंचं बोलणं तत्काळ पडद्यावर अक्षरांत दिसतं, तेही एआयच आहे. कमी दिसणाऱ्या मुलाला पान वाचून दाखवणारं, अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला आधार देणारं, तेही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार समावेशक शिक्षणासाठी आधार देणं शाळेवर बंधनकारक आहे. 'पाचवीपर्यंत एआय बंद' अशी एक ओळ आली, तर पहिला फटका या मुलांना बसेल. मुलाची वाट मोकळी करणारं साधन आणि मुलाचा निकाल लावणारं यंत्र, कायद्यात यांना वेगळी नावं हवीत.

सातपुडा_मास्तर

ताई, हे माझ्या रेघेत राहून गेलं होतं. बरं झालं सांगितलंत.

पंचगंगा

धागाकर्तीसाठी थोडं कामाचं लिहिते.

स्वीडनमध्ये शेलेफ्तेओ नावाच्या गावात एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखून घ्यायचा तीन आठवड्यांचा प्रयोग केला. संमती घेतली होती. २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने दोन लाख क्रोनर दंड केला आणि कारण दिलं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यातलं नातं इतकं असमान आहे की ती संमती खरी मानता येत नाही. शाळेने कागद पुढे केला आणि मूल तिथेच शिकतंय, तर नाही म्हणायला कोणाची जीभ उचलते? आपल्याकडे ते दहापट खरं आहे. म्हणून 'संमती घेतली' एवढ्यावर शाळेला सोडू नका.

आज तुमच्या हातात काय आहे? महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली शाळेत पालक-शिक्षक संघ असतोच, आणि प्रस्तावित शुल्क त्याच्या कार्यकारी समितीपुढे यावं लागतं. टॅब आणि सॉफ्टवेअरचा पैसा शुल्कात लावणार असतील, तर विषय त्या समितीत काढा. लेखी विचारा: माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, करारात काय आहे, किती दिवस ठेवतात, कंपनी ती स्वतःचं यंत्र शिकवायला वापरते का, शाळा सोडल्यावर पुसतात का, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला त्या तासाला काय काम देणार. शेवटचा प्रश्न सोडू नका. 'नाही' म्हटलेलं मूल मागच्या बाकावर रिकामं बसणार असेल, तर तो नकार उरतच नाही.

तिसरीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याभरात जे झालं ते सांगते.

वर्गातल्या अकरा पालकांनी मिळून पत्र दिलं, पंचगंगाताईंचे प्रश्न जसेच्या तसे. मुख्याध्यापिका भेटल्या, चाळीस मिनिटं बसल्या. कंपनी माहिती किती दिवस ठेवते हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी करार मागवला आहे. कॅमेऱ्याचं विश्लेषण या वर्षी नको, असं त्या तोंडी म्हणाल्या. वर्गशिक्षिका शेजारीच होत्या. बाहेर पडताना त्या मला हळूच म्हणाल्या, 'त्या अहवालात आमचाही आलेख होता, किती मिनिटं मुलं कंटाळली याचा.' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

टॅबचा विषय शनिवारी पालक-शिक्षक संघाच्या सभेत आहे. ठरावाचा मसुदा असा केलाय:

'पाचवीपर्यंत विद्यार्थ्यांचा चेहरा, आवाज वा हालचाल यांवरून लक्ष, भावना किंवा वर्तन यांचे यंत्राद्वारे मापन शक्यतो केले जाणार नाही. खुले संवादी एआय शिक्षकांच्या समोर, संपूर्ण वर्गासाठी एकत्र वापरले जाईल, विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे दिले जाणार नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांची साहाय्यक साधने यातून वगळली आहेत. यंत्राने दिलेला कोणताही शेरा प्रगतिपत्रकात नोंदवला जाणार नाही. नकार देणाऱ्या पालकांच्या पाल्याला त्या तासाला वर्गशिक्षिका तोच पाठ शिकवतील.'

पंचगंगा

चांगला झालाय. पहिल्या वाक्यातलं 'शक्यतो' काढा. सगळा ठराव त्या एका शब्दातून गळून जाईल. आणि तोंडी आश्वासन इतिवृत्तात उतरवून घ्या, सहीसकट प्रत मागा.

सातपुडा_मास्तर

मसुदा उतरवून घेतला. पुढच्या महिन्यात शिक्षण परिषद आहे, केंद्रप्रमुखांसमोर ठेवतो. 'मूल्यमापनात बोलीभाषेचा उच्चार चूक धरला जाणार नाही' एवढं एक वाक्य माझ्याकडून जोडतो.

तिसरीची आई

'शक्यतो' काढला. मास्तर, तुमचं वाक्य आम्हीही घेतो. वर्गात दोन मुलं विदर्भातली आहेत.